बाकड्यावरचा पहिला घाव

आमच्या कारखान्यात उमेदवाराची, म्हणजे काम शिकायला आलेल्या पोराची, पाच वर्षं भरली की त्याला वाजवून काढायची रीत होती. शेवटच्या दिवशी सुटीचा भोंगा व्हायच्या जरा आधी पोरगा आपल्या बाकड्यापाशी टोपी काढून उभा राहायचा, हातात एकही हत्यार न घेता. ज्या कारागिराच्या हाताखाली तो शिकला, तो हातोडा घेऊन यायचा आणि पोराच्या बाकड्यावर पहिला घाव घालायचा. तो पडला की मग अख्खी टूलरूम सुटायची. हातोडे, पाने, कानशी, नटांनी भरलेले डबे, जे हाताला लागेल ते लोखंडावर आपटत राहायचं, आणि पोरानं त्या गदारोळातून चालत फाटकाबाहेर जायचं. समोरच्या गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून म्हणायच्या, "सुटला गं कुणाचा तरी मुलगा." पण गुरूचा घाव पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी हातोडा उचलायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण कॉव्हेंट्रीत लिहिलेले नियम मोडणारी माणसंसुद्धा हा मोडत नसत.

मी त्या कारखान्यातली चहावाली, नेस्टा पार्जेटर. माझ्या गाडीला चार चाकं, त्यातलं एक कायम रुसलेलं. दिवसातून दोनदा ती ढकलत मी टूलरूममधून फिरायचे. प्रत्येकाचा मग गाडीला खिळ्यावर टांगलेला असायचा. कुणाला किती साखर, कुणाच्या घरी काय बिघडलंय, कुणाची बायको माहेरी गेलीय, सगळं मला ठाऊक. चहावालीसमोर माणसं मन मोकळं करतात, कारण ती लगेच पुढे निघून जाते ना.

गिल्बर्ट ओकी सोळाव्या वर्षी आला तेव्हा दरवाजातून वाकून आला. गरज नव्हती, दरवाजा चांगला उंच होता. पण पोरगं असंच, आपण कुणाच्या तरी वाटेत आहोत असं सतत वाटणारं. त्याला वॉल्ट ब्रॅडनॉकच्या हाताखाली दिलं. वॉल्ट म्हणजे आमचा सगळ्यांत चांगला टूलमेकर, युनियनचा पुढारी, आणि तोंडाचा भलताच फाटका. पहिल्याच दिवशी तो गिल्बर्टला म्हणाला, "पोरा, ही कानस आहे. लोण्याची सुरी नाही. माझ्या बाकड्यावर पाव खाताना दिसलास तर तुलाच कानशीनं घासीन." पोरगं लाजून हसलं. चार वर्षं दोघांचं असं मस्त चाललं होतं. वॉल्टला मूलबाळ नव्हतं. बोलून दाखवायचा नाही, पण गिल्बर्टनं काही चांगलं बनवलं की ते उचलून माझ्या गाडीपर्यंत घेऊन यायचा आणि म्हणायचा, "बघ गं नेस्टा, या गाढवानं केलंय."

गिल्बर्टला काय हवं होतं ते टूलरूममध्ये फक्त मला माहीत होतं. त्याला फ्रीमन व्हायचं होतं. फ्रीमन म्हणजे आमच्या शहराचा मानकरी. आमच्याकडे हा मान बापाकडून येत नाही आणि विकतही मिळत नाही. शहरात राहून एका धंद्याची उमेदवारी पुरी करायची, मग गिल्डहॉलमध्ये, म्हणजे शहराच्या जुन्या सभागृहात, जाऊन शपथ घ्यायची. मिळतं काय? एक कागद, महापौराशी हात मिळवायला, आणि पूर्वी म्हणे गावच्या कुरणात गुरं चारायचा हक्क होता. गिल्बर्टकडे मांजरसुद्धा नव्हतं. पण त्याच्या बापाची गोष्ट वेगळी होती. बापानं साडेचार वर्षं उमेदवारी केली आणि तो शिकत होता ते वर्कशॉप बुडालं. दुसरीकडे गेला तर म्हणाले, पहिल्यापासून सुरू कर. तोवर लग्न झालेलं, पोटात गिल्बर्ट. मग तो मजुरीला लागला, आणि चाळीस सालच्या नोव्हेंबरात शहरावर बॉम्ब पडले त्यात गेला. मिसेस ओकींनी हे दुःख पोराला बटाट्याच्या घासासारखं रोज भरवलं. "एक दिवस मोडला की सगळी वर्षं पाण्यात, गिल्बर्ट. तुझ्या बापाकडे बघ." बाप फोटोतून बघत असायचाच.

ओकींच्या घराची मागची बाजू कारखान्याच्या भिंतीला लागून. तिथं बसून मिसेस ओकींनी किती पोरांना वाजवून काढलेलं ऐकलं असेल. मला म्हणायच्या, "गिल्बर्टचं होईल ना नेस्टा, तेव्हा मी मागचं दार उघडं ठेवणार आहे. थंडी असली तरी."

मग गिल्बर्टच्या शेवटच्या वर्षात उमेदवारांचा संप झाला. पोरांना पगार म्हणून जे मिळायचं त्याची त्यांनाच लाज वाटायची, त्यामुळे संप काही चुकीचा नव्हता. मोठे कारागीरही त्यांच्या बाजूनं होते. त्या सकाळी सगळे उमेदवार फाटकाबाहेर उभे, आणि त्यांच्या पुढे वॉल्ट. गिल्बर्ट सायकलवरून आला; घर भिंतीला लागून असलं तरी फाटकाला मोठा वळसा पडायचा. मी तेव्हाच आत चालले होते, म्हणून माझ्या समोर घडलं.

"गिल्बर्ट, पोरा, सायकल फिरव आज," वॉल्ट म्हणाला. चांगल्या आवाजात म्हणाला.

"मला आत जायला लागेल, मिस्टर ब्रॅडनॉक."

"का बरं?"

"दिवस मोडेल माझा."

"इथं सगळ्यांचाच मोडतोय. तुझा काय सोन्याचा आहे?"

गिल्बर्टनं तोंड उघडलं आणि म्हणाला, "आईला..." एवढंच. पुढचं आलंच नाही. मागची पोरं हसली. कुणीतरी बायकी आवाज काढून "आईला" म्हणालं. बाप, बॉम्ब, साडेचार वर्षं, हे सगळं त्यानं तेव्हा सांगितलं असतं तर वॉल्टनं त्याला स्वतः आत सोडलं असतं, असं मला आजही वाटतं. पण घरातलं दुःख असं फाटकावर उभं राहून सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. गिल्बर्ट सायकलवरून उतरला आणि ती हातानं ढकलत पोरांमधून आत निघाला.

वॉल्ट मागून म्हणाला, "आत गेलास तर यापुढे माझ्याशी बोलू नकोस. मीही बोलणार नाही. इथला कुणीच बोलणार नाही."

गिल्बर्ट गेला. इंग्लंडभर वाळीत टाकण्याला आमच्याच गावाचं नाव देतात, 'कॉव्हेंट्रीला पाठवलं' म्हणतात. गावातल्याच माणसाला वाळीत टाकायचं तर त्याला पाठवायचं कुठे? त्याच्याच बाकड्यावर ठेवायचं आणि बाकीच्यांनी तोंड फिरवायचं.

संप तीन आठवड्यांनी मिटला. पोरांना थोडं वाढवून मिळालं, ते हसत परत आले. अबोला मात्र मिटला नाही. असला अबोला मी आधी पाहिला नव्हता. जेवणाच्या टेबलावर गिल्बर्ट बसला की दोन्ही बाजूंची माणसं ताटं उचलून सरकायची. डोक्यावरून क्रेन जाताना एरवी ओरडून सांगायचे, त्याला नुसती शिट्टी वाजवायचे. सकाळी "मॉर्निंग" नाही, संध्याकाळी "उद्या भेटू" नाही. दिवसभरात त्याला माणसाचा आवाज ऐकू यायचा तो माझा. मी गाडी थांबवून विचारायचे, "दूध घालू?" तो म्हणायचा, "घाल." तो काय घेतो ते मला माहीत होतं, इतर कुणाला मी विचारत नसे. त्याला विचारायचे. मी युनियनमध्ये नव्हते, मला कोण काय करणार होतं? एकदा एक टिक्कोजीराव मला म्हणालाही, "नेस्टा, त्याच्याशी जास्त गोड बोलू नकोस." मी म्हटलं, "तुझ्या चहात आजपासून साखर नाही. मग बघू कोण गोड बोलतं."

पण खरी चमत्कारिक गोष्ट वॉल्टची. त्याला बोलायचं नव्हतं, शब्द देऊन बसला होता. पण पोराला शिकवायचं तर होतंच, उमेदवारीच्या करारनाम्यावर त्याचीही सही होती, आणि अर्धवट शिकवलेला कारागीर बाहेर पाठवणं वॉल्टला मरणाहून वाईट. मग त्यानं वर्षभर तोंड न उघडता शिकवलं. गिल्बर्टच्या मागे उभा राहायचा, त्याच्या हातावर आपला हात ठेवून कानशीचा कल बदलायचा. काम उचलून उजेडात धरायचा. बरोबर असेल तर परत ठेवायचा, चूक असेल तर भंगारात टाकायचा. समजावून सांगणं नाही, शिवी नाही. पोराला त्या शिव्यांची किती सवय होती. एकदा चहा देताना मला हळूच म्हणाला, "नेस्टा, आज त्यांनी माझं काम दोनदा फेकलं. एरवी किती बोलले असते, नाही?" जणू काही खाऊ हुकला होता. मी पुढच्या बाकड्याकडे गाडी ढकलली.

सत्तावन्नच्या सप्टेंबरात गिल्बर्टची पाच वर्षं भरली. आदल्या दिवशी मिसेस ओकींनी मला थांबवून सांगितलं, "केक केलाय. तू संध्याकाळी ये. मी दार उघडं ठेवीन." त्यांना अबोल्यातलं काहीच माहीत नव्हतं. गिल्बर्ट घरी जाऊन सांगायचा, आज वॉल्ट असं म्हणाला, आज अमक्यानं अशी गंमत केली. वर्षभर रोज संध्याकाळी नवीन गमती कुठून आणायचा कोण जाणे.

भोंग्याच्या थोडं आधी तो बाकड्यापाशी उभा राहिला. टोपी काढली. मला वाटलं, अरे कशाला उभा राहतोस, सरळ निघून जा. पण आशा मोठी वाईट. मशिनं एकेक करून बंद झाली. सगळे वॉल्टकडे बघत होते, मीसुद्धा. वॉल्टचा हातोडा त्याच्या बाकड्यावर पडलेला होता. त्यानं तो उचलला. एका चिंधीनं पुसला, बराच वेळ पुसला. मग खण उघडला, हातोडा आत ठेवला आणि खण बंद केला.

तेवढाच आवाज झाला, खणाचा.

मला राहवलं नाही. मी चहाच्या पिंपावर डाव आपटला. एकदा, दोनदा. इतका केविलवाणा आवाज आला की माझी मलाच शरम वाटली. गिल्बर्ट माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाला, "राहू दे, नेस्टा." टोपी डोक्यावर ठेवली आणि सगळ्या टूलरूममधून चालत गेला. त्याच्या बुटांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू आला.

मी गाडी तिथंच टाकून त्याच्या मागे गेले. मागचं दार सताड उघडं होतं. टेबलावर केक, तीन बश्या, आणि मिसेस ओकी चांगला ड्रेस घालून उभ्या. गिल्बर्ट दारातूनच म्हणाला, "आई, काय वाजवलं गं त्यांनी. कान बधिर झाले माझे."

मिसेस ओकी कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून राहायच्या. तिथं पाना पडला तरी त्यांना ऐकू जायचा. मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. त्या पोराच्या कोटावरची धूळ झटकत म्हणाल्या, "ऐकलं ना मी. केवढा तो गोंधळ. बस, चहा गार होतोय."

आम्ही केक खाल्ला. चांगला झाला होता केक.

तीन आठवड्यांनी गिल्बर्टच्या बरोबरीच्या, संपातल्या पोरांचं वाजवणं झालं. कंपनीनं त्यांच्याकडून संपाचे दिवस वरती भरून घेतले होते. कान फुटतील असं वाजवलं, आणि आता त्याच टूलरूममध्ये कारागीर म्हणून लागलेल्या गिल्बर्टनंही हातोडा उचलून वाजवलं. मी भडकले होते. म्हटलं, "तुला काही लाज, शरम, राग? ज्यांनी तुला वर्षभर वाळीत टाकलं त्यांच्यासाठी हात दुखवतोस?" तर म्हणतो कसा, "बिचाऱ्यांचे दिवस मोडलेत नेस्टा. त्यांना फ्रीमन होता येणार नाही आता. निदान एवढं तरी."

नोव्हेंबरात गिल्डहॉलमध्ये शपथ होती. मिसेस ओकींनी मला आग्रह करून नेलं. आम्ही मागे बसलो. गिल्बर्ट बापाचा टाय लावून पुढे गेला, आणि मी बघते तर त्याच रांगेत ती संपातली पोरं उभी. नवे सूट, केसांना तेल. मला वाटलं, कुणाबरोबर तरी आली असतील. मी टोपी सांभाळत पुढे सरकले, कारण मला बघायचंच होतं. टेबलामागच्या कारकुनानं एकाला विचारलं, "तुमच्या उमेदवारीत खंड पडलेला दिसतो?"

"तीन आठवडे. नंतर भरून दिले."

"मग झालं तर. पाच वर्षं भरल्याशी कारण," कारकून म्हणाला आणि पुढच्याला बोलावलं.

गिल्बर्ट त्याच्या अगदी मागे उभा होता. त्याच्या मानेकडे बघूनच मला कळलं की त्यानं ऐकलं. त्याच्या बापाला दुसऱ्या मालकानं धुडकावलं होतं, शहरानं नव्हे. शहराला कुणी विचारलंच नव्हतं. बापानं नाही, आईनं नाही, पोरानंही नाही. त्या घरात एकानं एक गोष्ट मानली आणि तिघांनी ती जन्मभर सांभाळली. अरे माणसांनो, कधीतरी जाऊन विचारावं. दार उघडंच होतं त्या कारकुनाचं.

त्यानं शपथ घेतली. बाहेर पायऱ्यांवर आई कुणाला तरी कागद दाखवत होती तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ती मागे बसली होती ना? ऐकलं नाही ना तिनं?"

"नाही."

"सांगू नकोस तिला."

मी नाही सांगितलं. तो कागद चौकटीत बसून बापाच्या फोटोशेजारी लागला आणि मिसेस ओकी जगल्या तोवर दर शनिवारी त्याची काच पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी वॉल्ट त्याला म्हणाला, "मॉर्निंग, गिल्बर्ट." गिल्बर्ट म्हणाला, "मॉर्निंग, मिस्टर ब्रॅडनॉक." वॉल्टनं हा शब्द कसा गोळा केला असेल ते मी जाणते. पण त्याच्यापुढे त्याला दुसरा सापडला नाही, आणि गिल्बर्टनं शोधून दिला नाही. पुढे वीस-बावीस वर्षं दोघं एकमेकांपासून हाताच्या अंतरावर उभे राहिले आणि रोज सकाळी तेवढंच बोलले. एकाला चूक झाली म्हणायचं होतं आणि दुसऱ्याला असू दे म्हणायचं होतं. दोन शहाणे, दुसरं काय. हळूहळू बाकीच्यांनीही अबोला सोडला. पण गिल्बर्टची बोलायची सवयच मोडली होती. माणसं त्याच्याशी बोलायची, तो मान हलवायचा. पगाराच्या ऑफिसातली आयव्ही त्याच्यासाठी दोन वर्षं थांबली असेल. एकदा दोघं सिनेमालाही गेले. ती मला नंतर म्हणाली, "माणूस चांगला आहे गं, पण बरोबर एखादा रिकामा कोट घेऊन फिरल्यासारखं वाटतं." तिनं पुढे बसच्या कंडक्टरशी लग्न केलं. गिल्बर्टनं कधी कुणी उमेदवार हाताखाली घेतला नाही. वाजवायला मात्र प्रत्येकाच्या वेळी पुढे.

मिसेस ओकी एकाहत्तर साली गेल्या. त्यानंतर तो भिंतीपलीकडच्या घरात एकटाच राहिला. रविवारी जेवायला ये म्हटलं तर येईन म्हणायचा आणि यायचा नाही.

मग ऐंशीच्या आगेमागे कारखानाच बंद पडला. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत कुणी काही करत नव्हतं, नुसते खण रिकामे करत होते. मी सगळ्यांचे मग ज्याचे त्याला वाटत फिरत होते. भोंग्याची वेळ आली तशी माणसं हातोडे घेऊन उभी राहिली. म्हणे आज कारखान्यालाच वाजवून काढायचं. पण कुणी सुरू करेना. कारखान्याचा गुरू कोण? पहिला घाव कुणाचा, आणि घालायचा कुठे? सगळे वॉल्टकडे बघायला लागले, कारण सगळ्यांत जुना तोच.

वॉल्टनं खण उघडला. तोच खण. हातोडा काढला. आपल्या बाकड्यापाशी थांबेल असं सगळ्यांना वाटलं, पण तो थांबला नाही. पाय ओढत गिल्बर्टच्या बाकड्यासमोर येऊन उभा राहिला. गिल्बर्टच्या हातात इतरांसारखाच हातोडा होता. त्यानं वॉल्टकडे बघितलं. मग हातोडा हळूच खाली ठेवला आणि टोपी काढली. चव्वेचाळीस वर्षांचा माणूस, केस विरळ झालेले, टोपी धरून उभा. वॉल्टनं हातोडा उचलला आणि बाकड्यावर घाव घातला.

त्यानंतर जे वाजलं तसं मी कधी ऐकलं नाही. जुन्या माणसांना कळलं होतं आपण काय वाजवतोय, नव्यांना कळलं नव्हतं, पण सगळे सारखेच तुटून पडले होते. मीसुद्धा पिंप बडवलं, डाव वाकडा होईपर्यंत. गिल्बर्ट त्यातून चालत गेला, इकडे-तिकडे न बघता. दारातून बाहेर पडताना वाकला.

गर्दी पांगल्यावर मी बघते तर एक मग गाडीवर राहिलेला, त्याचाच. म्हटलं नेऊन द्यावा. गल्लीतून वळून मागच्या बाजूनं गेले. दार सताड उघडं होतं, बाहेर चांगलाच गारठा असून. स्वयंपाकघरात तो कोट न काढता टेबलापाशी उभा होता, माझ्याकडे पाठ करून. समोर दोन बश्या मांडलेल्या होत्या.

मी हाक मारणार तेवढ्यात तो बोलला, आणि मी मग हातात धरून पायरीवरच थांबले.

"आज खरंच वाजवलं, आई," तो म्हणाला.